ओळखीच्या आवाजाची पारख

पाचोड व पैठण या बाजूच्या मोसंबी-बागायतदारांचा बराचसा व्यवहार शब्दावर चालतो. बागेचा सौदा ठरतो, इसार हातीं पडतो आणि पुढील बोलणें फोनवर होतें. बोलणारा कोण हें आवाजावरून कळतें, म्हणून दुसऱ्या साक्षीची गरज भासत नाहीं. परंतु आतां आवाजाची साक्ष पुरेशी राहिलेली नाहीं. असें कां झालें व त्यावर उपाय काय, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें असंख्य माणसांच्या बोलण्यावरून तयार केलेलीं असतात. एखाद्याच्या बोलण्याचा लहानसा नमुना मिळाला, कीं त्याच्या स्वराची उंची व लकब उचलून तीं हवें तें वाक्य त्याच आवाजांत बोलतात. हा नमुना मिळविण्यास चोरास घरांत शिरावें लागत नाहीं. लग्नांतील किंवा सत्कारांतील भाषणाची चित्रफीत मोबाइलवर सर्वत्र फिरते, तेवढी त्यास पुरते. चेहऱ्याचेंही तसेंच. जानेवारी २०२४ मध्यें सचिन तेंडुलकर यांचा चेहरा व आवाज घेऊन एका खेळाच्या अ‍ॅपची बनावट जाहिरात पसरविण्यांत आली; ती खोटी असल्याचें त्यांस स्वतः जाहीर करावें लागलें.

जुलै २०२३ मध्यें केरळांतील कोझिकोड येथील एका गृहस्थास जुन्या सहकाऱ्याचा चेहरा दाखविणारा फोन आला. नातलगाच्या शस्त्रक्रियेसाठीं ४०,००० रुपये मागण्यांत आले व त्यांनीं ते पाठविले. पुन्हां मागणी येतांच त्यांस संशय आला. त्यांनीं मित्रास त्याच्या नेहमींच्या नंबरावर फोन केला, तेव्हां मित्रानें कांहींच मागितलें नव्हतें असें उघड झालें. गेलेली रक्कम महाराष्ट्रांतील एका बँक खात्यांत आल्याचें पोलिसांस आढळलें. मित्रास केलेला तो फोन पहिल्या रकमेपूर्वीं झाला असता, तर नुकसान टळलें असतें.

कोणी म्हणेल, पोटच्या मुलाचा आवाज आम्हांस कळणार नाहीं काय? एरवीं कळेल. परंतु अपघात झाला, पोलिसांनीं धरलें, असें रडत सांगणारा आवाज मुळांतच फाटलेला असतो. नकलेची उणीव त्यांत झांकली जाते, आणि घाबरलेला कान पारख करीत नाहीं. सबब पारख कानावर न सोपवितां रीतीवर सोपवावी. ती रीत अशी:

१. पैशाची मागणी आली कीं फोन बंद करावा, आणि त्या माणसाचा जो नंबर आपणांपाशीं पूर्वींपासून आहे तो स्वतः लावावा. आलेल्या फोनवर दिसणारा नंबरही खोटा असूं शकतो. "कोणास सांगूं नका" असें म्हटल्यास घरांतील दुसऱ्या माणसास अवश्य सांगावें.

२. घरांत एक खुणेचा शब्द ठरवावा. बैलाचें नांव नको. तें साऱ्या गांवास ठाऊक असतें. हा शब्द मोबाइलमध्यें लिहूं नये.

३. आडत्यानें वा व्यापाऱ्यानें खातें बदलल्याचें कळविल्यास, प्रत्यक्ष भेट होईपर्यंत रक्कम रोखावी.

४. आपल्या खात्यांत पैसे येण्यासाठीं पिन टाकावा लागत नाहीं. तो कोणी टाकावयास सांगितला, तर पैसे जाणार आहेत असें समजावें.

उलट फोन केल्यानें खरा माणूस दुखावेल, ही भीति व्यर्थ आहे. सख्ख्या भावानें दिलेल्या नोटाही आपण मोजून घेतों. त्यांत अविश्वास नसतो.

इतकेंही करून फसगत झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. चोर रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें हलवितो. म्हणून तत्काळ १९३० या नंबरावर तक्रार करावी व बँकेस कळवावें. रक्कम वाटेंत अडविण्याची संधि पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते. हा नंबर घरांतील वृद्धांस व स्त्रियांसही पाठ असावा, आणि खुणेचा शब्द आजच सर्वांनीं मिळून ठरवावा, अशी वाचकबंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे.