आधी वाचा, मग हात लावा

पोरांनो, येत्या वसंतात तुम्ही इथल्या जुन्या दफनभूमीत कामाला येणार म्हणता, तर काही गोष्टी आत्ताच कानावर घालते. ओरेगनच्या विलॅमेट खोऱ्यात अशा छोट्या दफनभूमी ठिकठिकाणी आहेत. १८४० च्या दशकापासून बैलगाड्यांनी हजारो मैल तुडवत आलेल्या कुटुंबांनी शेताच्या कडेला, टेकडीच्या माथ्यावर आपली माणसं पुरली. १४ फेब्रुवारी १९०९ पूर्वी वारलेलं एक जरी माणूस जिथे पुरलं असेल, ती दफनभूमी राज्याच्या कायद्याने ऐतिहासिक ठरते. म्हणून आधी जागा कुणाची, काउंटीची, चर्चची की खाजगी, ते शोधा आणि लेखी परवानगी घ्या. मालक सापडला नाही तर राज्याच्या ऐतिहासिक दफनभूमी आयोगाकडे विचारा.

आत गेलात की उंच दगडांकडे लगेच वळू नका, खाली बघा. बाळांचे दगड गुडघ्याच्याही खाली असतात, पुष्कळदा गवतात बुडालेले. वर कोकरू कोरलेलं असेल तर बहुधा लहान मूलच. पावसाने त्या कोकराचे कान-तोंड झिजून नुसता उंचवटा उरतो, तोही ओळखायला शिका. न उमललेली कळी, कबुतर, रिकामा पाळणा याही त्याच खुणा. दगड नसेल तर जमीन बघा. दोन-तीन हात लांबीचा खोलगट भाग, उशाशी ठेवलेला ओबडधोबड धोंडा, मार्चमध्ये एकाच जागी उगवणारे डॅफोडिल. ते कंद आईने लावलेले असू शकतात. तण समजून उपटू नका, धोंडाही बाजूला करू नका.

इतकी काळजी का, तेही सांगते. ओरेगनमध्ये जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंदणी १९०३ साली सुरू झाली. खानेसुमारी दहा वर्षांतून एकदा, आणि १८९० च्या खानेसुमारीचे कागद १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळजवळ सगळेच गेले. म्हणजे १८८० च्या जूननंतर जन्मलेलं आणि १९०० च्या जूनपूर्वी गेलेलं मूल आज हाती असलेल्या कुठल्याच देशव्यापी खानेसुमारीत सापडायचं नाही. घटसर्प, डांग्या खोकला, उन्हाळ्यातली हगवण यांनी घरंच्या घरं रिकामी केली होती. त्यातल्या कित्येक बाळांचा उरलेला पुरावा म्हणजे तो एक वीतभर रुंदीचा दगड.

मात्र १९०० आणि १९१० च्या खानेसुमारीत आयांना दोन प्रश्न विचारले होते: मुलं किती झाली आणि हयात किती. आमच्या आजीच्या वयाच्या बायका अगदी असंच सांगायच्या, झाली आठ, जगली पाच. आपल्याकडे दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि वर नाव लिहीत नाहीत. म्हणून मला वाटतं, हे काम आपल्याला परकं नाही. खानेसुमारीतल्या त्या दोन आकड्यांमधला फरक काढा आणि तेवढी मुलं त्या आईच्या थडग्याच्या आसपास शोधा. १८५० ते १८८० च्या खानेसुमारीबरोबर मागच्या बारा महिन्यांतल्या मृत्यूंची वेगळी पत्रकं भरली गेली, त्यांत कारणही लिहिलेलं असतं. तीही चाळा.

दगडावर मृत्यूची तारीख आणि वय असतं, अमुक महिने, अमुक दिवस. वजाबाकी करून जन्मतारीख काढा, पण ती काढलेली आहे असं वहीत लिहा. ‘अमक्याचा तान्हा मुलगा’ एवढंच असेल तर तेवढंच उतरवा. नाव आपल्या मनाने देऊ नका.

अक्षर लागत नसेल तर खडू, पीठ, दाढीचा फेस यांतलं काही दगडाला लावू नका. आरशाने ऊन तिरपं पाडा, झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. मग फोटो, माप, आणि नकाशावर जागा. हे सगळं झाल्यावरच पाण्याची बादली आणा.

धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश. दगड आधी भिजवा, मग खालून वर या, म्हणजे मळाचे ओघळ डाग पाडत नाहीत. शेवाळ बांबूच्या काडीने काढा. ब्लीच, तारेचा ब्रश, जोराच्या पाण्याचा फवारा, तिन्ही वर्ज्य. बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला लागले तर संगमरवर आतून सुटलाय. तिथे थांबा, पाणीही नको. मोडलेला दगड सिमेंटने जोडू नका. सिमेंट संगमरवरापेक्षा कडक, पुढची भेग दगडालाच जाते. ते काम जाणकाराला द्या. गवत कापायचं यंत्र छोट्या दगडांपासून लांब ठेवा. पातळ संगमरवराचं बूड त्याच्या दोरीने चेचलं जातं. तिथलं गवत हाताने, कात्रीने काढा.

नोंदींची एक प्रत जागेच्या मालकाला द्या, एक काउंटीच्या इतिहास संस्थेला. नोंद तुमच्याच फोनमध्ये राहिली तर ती केल्यासारखी नाही. आणि वेळ थोडाच असेल तर ज्यांची अक्षरं अजून लागतायत ते छोटे दगड आधी वाचून घ्या. धुणं पुढच्या वर्षी केलं तरी चालेल.