गंभीर दुखापतीनंतर फुप्फुसातील मूक रक्तगुठळी

मांडीचे किंवा कमरेचे हाड मोडल्यावर हालचाल थांबते, पायांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अशा वेळी शिरेत तयार झालेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. काही वेळा तिची कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. हा धोका घरी परतल्यावरही काही आठवडे राहतो.

काळजी : डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर हालचाल सुरू करावी. गुठळी रोखण्यासाठी दिलेले औषध स्वतःहून बंद करू नये. एकाच पायाला सूज आल्यास किंवा पोटरी दुखत असल्यास तेल लावून चोळू नये. त्वरित तपासणी करून घ्यावी.

अचानक धाप लागल्यास, श्वास घेताना छातीत कळ आल्यास, खोकल्यातून रक्त पडल्यास किंवा शुद्ध हरपल्यास तत्काळ १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.