सेवेला जाताना काय न्यावे, काय ठेवून यावे



उपवासकाळात आणि नाताळच्या आधी पुष्कळ धर्मग्रामांतले तरुण, भगिनी आणि फादर मिळून दूरच्या वाड्यावस्त्यांवर सेवेसाठी जातात. गाडीत तांदूळ, साखर, जुने कपडे असतात. हेतू चांगलाच असतो. पण तांदूळ आठ दिवसांत संपतो आणि ते कुटुंब होते तिथेच राहते. म्हणून गाडी भरण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या: आपण परतल्यावर त्या घरात काय उरेल?

जामखेडचा धडा

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. आधी ते एका मिशन इस्पितळात काम करीत. बरा होऊन गेलेला रोगी काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येतो, हे तिथे त्यांच्या ध्यानात आले. दुखण्याचे मूळ गढूळ पाण्यात आणि रिकाम्या भांड्यात होते.

१९७० साली ते जामखेडच्या दुष्काळी मुलखात आले. लोकांना दवाखान्याआधी अन्न आणि पाणी हवे होते, म्हणून त्यांनी तेच काम आधी हाती घेतले. पुढे गावागावांतून तिथलीच एकेक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडली गेली. पुष्कळजणी निरक्षर होत्या, दलित होत्या. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबावरचे उपाय हे सारे त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली वारले, तरी काम थांबले नाही; कारण ते गावकऱ्यांच्या हाती गेले होते.

जाण्यापूर्वी एवढे पाळावे

१. आधी दोघांनी जाऊन विचारून यावे. गावातली अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना भेटावे. कोणत्या घरी खरी नड आहे, हे त्यांना ठाऊक असते.
२. पेरणी-खुरपणीच्या दिवसांत दुपारी जाऊ नये. आपल्यासाठी मजूर माणसाची रोजी बुडता कामा नये.
३. फाटके कपडे नेऊ नयेत. जे आपण घालणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये.
४. डॉक्टरांवाचून गोळ्या वाटू नयेत.
५. मदतीला धर्माची अट नको आणि घेणाऱ्याचा फोटोही नको.
६. त्या घरची माउली चहा देईल, तो नाकारू नये. देण्याचा मान तिलाही आहे.

आईच्या हाती औषध

लहान मुलाच्या जुलाबात जिवाला खरा धोका अंगातले पाणी जाण्याचा असतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पेय बनवून रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजले. शंभरात तीसच्या आसपास मरणारे रोगी चारांहून कमीवर आले.

आशाताईकडे ओआरएसची पुडी मिळते. ती पाकिटावर लिहिल्याइतक्याच पाण्यात कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपाय होतो; चव अश्रूंहून खारट नसावी. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप थोडे थोडे पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. उरलेले पेय दुसऱ्या दिवशी वापरू नये. मूल पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, सुस्ती आली असेल किंवा शौचात रक्त असेल, तर तडक दवाखाना गाठावा.

हे नुसते सांगू नये. त्या आईच्या हातून, तिच्याच भांड्यात आणि तिच्याच चमच्याने एकदा करवून घ्यावे.

परसातले झाड

आपण शेतकरी आहोत, आपल्याकडे देण्यासारखे आणखी काही आहे. पावसाच्या तोंडाला शेवग्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी घेऊन जावी आणि न्हाणीजवळ, पण पाणी तुंबणार नाही अशा जागी, लावून द्यावी. सांडपाण्यावर ती जगते. कोवळा पाला थोड्या तेलात परतून वरण-भातात मिसळला, तर सहा महिन्यांवरच्या बाळालाही चालतो. शेजारी पपई आणि चवळीही लावावी.

दया दाखवणाऱ्या शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या, खर्च दिला आणि परत येण्याचे वचनही दिले. आपणही दोन महिन्यांनी पुन्हा जावे. त्या वेळी गाडी रिकामी असली तरी चालेल. फांदीला पालवी फुटली का ते पाहावे आणि त्या आईला पेय कसे करायचे ते सांगायला लावावे. ती शेजारणीला शिकवू लागली, की आपली सेवा फळाला आली असे समजावे.