मुसाफिराची ओळख

मुलांनो, प्रवासात अनोळखी माणूस विचारतो, "आपण कोण? काय करता?" नोकरी असली, की उत्तर सोपे असते. नोकरी सोडलेल्या माणसाने काय सांगावे?

नासिर खुसरो हे फारसी भाषेतील मोठे कवी. मर्व शहरात ते सरकारी नोकरीत होते. वयाच्या चाळिशीत त्यांनी नोकरी सोडली आणि १०४६ साली ते भावासह हजला निघाले. त्यांचा प्रवास सुमारे सात वर्षे चालला. त्याची हकीकत त्यांच्या 'सफरनामा' या ग्रंथात आहे.

परतताना ते अरबस्तानातील फलज गावी अडकले. जवळ पैसा नव्हता. होते फक्त थोडे रंग आणि पुस्तके. त्यांनी मशिदीच्या भिंतीवर लाल व निळ्या रंगांत एक शेर सुरेख लिहिला. तो पाहून गावकरी थक्क झाले. त्यांनी मिहराब रंगवून देण्यास सांगितले आणि मोबदल्यात खजूर दिले.

पुढे बसरा शहरात त्यांचे फाटके कपडे पाहून हमामवाल्याने त्यांना हाकलले. मुलांनी वेडे समजून दगड मारले. तेवढ्यात एका वजिराने त्यांना भेटीस बोलावले. तशा कपड्यांत जाणे बरे दिसेना, म्हणून त्यांनी चिठ्ठी पाठवली. वजिराने कपड्यांसाठी ३० दीनार दिले. नंतर त्याच हमामात त्यांचा आदराने सत्कार झाला.

मुलांनो, हुद्दा सुटतो, कपडे फाटतात. पण हातातील कला आणि लेखणीतील भाषा सोबत राहते. तुम्हीही परगावी आपले नाव व गाव सांगा. मग हे वाक्य पूर्ण करा : "मला ...... येते."