फुकटात मिळालेली गाडी केवढ्याला पडते?

प्रश्न : मी तिरुवैयारुचा, तंजावरी मराठी. तांदळाच्या गिरणीत हिशेब लिहितो, महिन्याला २२,००० रुपये मिळतात. पुण्याचा मावसभाऊ नवी कार घेतोय आणि २०१२ सालची जुनी, ८०० सीसीची छोटी कार मला फुकट देतो म्हणतो. आईला महिन्यातून दोन-तीनदा तंजावरला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून मोह होतोय. बायको म्हणते, पेलणार नाही. पण पेट्रोल त्यालाही त्याच भावाने मिळतं आणि मलाही. मग जी गाडी त्याला जड गेली नाही, ती मला का जावी?

उत्तर : कारण गाडीचा बराचसा खर्च ती चालण्याचा नसतो, ती दारात असण्याचा असतो. तुम्ही हिशेबनीस आहात, तेव्हा आकड्यांतच बोलू.

पेट्रोल आधी बाजूला ठेवा. १,००० सीसीच्या आतल्या कारचा थर्ड पार्टी विमा २०२२च्या दरानुसार २,०९४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि मालकाचा अपघात विमा धरून २,८०० च्या आसपास. बॅटरी तीन-चार वर्षांत बसते, म्हणजे वर्षाला हजार-बाराशे. टायर झिजले नाहीत तरी पाच-सहा वर्षांत कडक होतात, त्यांचे वर्षाला अडीच हजार धरा. सर्व्हिसिंगचे साडेपाच हजार. आणि एवढ्या जुन्या गाडीला क्लच, रेडिएटर, सस्पेन्शन यांपैकी काहीतरी निघतंच. त्यासाठी दहा हजार बाजूला काढलेले बरे. हे सगळे ढोबळ अंदाज आहेत, पण बेरीज २२,००० च्या आसपास जाते. म्हणजे वर्षातला एक पगार गाडी जागची न हलताच गेला.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे. समजा, तुमची गाडी महिन्याला २०० किलोमीटर फिरली. लिटरला सोळा किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं, तर इंधनाचे १,२५०. त्यात वरच्या खर्चाचा महिन्याचा वाटा १,८३५. किलोमीटर पडला पंधरा रुपयांच्या वर. मावसभाऊ तीच गाडी महिन्याला १,२०० किलोमीटर पळवत असेल, तर देखभालीला थोडे जास्त धरूनही त्याला किलोमीटर आठ-सव्वाआठ रुपयांतच पडतो. पेट्रोलचा भाव एकच, पण तुमचा किलोमीटर जवळजवळ दुप्पट महाग. ज्याला गाडी कमी लागते त्याला ती महाग पडते, आणि कमी उत्पन्नाचा माणूस पेट्रोल वाचवायला ती कमीच काढतो. वाचवायला जावं तर दर आणखी चढतो!

दुसरी गोष्ट जोखमीची. थर्ड पार्टी विमा समोरच्याचं नुकसान भरतो, तुमच्या गाडीचं नाही. १६ नोव्हेंबर २०१८ला गज चक्रीवादळ आलं तेव्हा तुमच्याच जिल्ह्यात पट्टुक्कोट्टैकडे नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. असं एक झाड गाडीवर पडलं, तर थर्ड पार्टीवाल्याच्या हाती काही येत नाही. पगार मोठा असलेला माणूस असा फटका एका महिन्यात पचवतो. तुम्हाला त्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागतील. गाडी तीच, फटका तोच; तो सोसायचा भाव मात्र वेगळा.

आणि ‘फुकट’ हा शब्द पुण्यापुरताच खरा आहे. महाराष्ट्राची गाडी तमिळनाडूत बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर पुण्याच्या आरटीओची एनओसी, इथे नव्याने नोंदणी आणि इथला रोड टॅक्स आला. वय पाहून तो कमी होतो, आणि महाराष्ट्रात भरलेल्यातला उरलेला भाग परत मागता येतो; पण त्यासाठी खेटे घालायची तयारी हवी. पुणे ते तंजावर सुमारे बाराशे किलोमीटरचा पेट्रोल-टोल वेगळा. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. एप्रिल २०२२ पासून त्या वयाच्या कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली आहे, वर हरित कर.

काही जण सुचवतील की जानेवारीत त्यागराज आराधनेला गावात एवढी गर्दी लोटते, तेव्हा चार भाडी मारून खर्च काढा. त्या फंदात पडू नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाडं मारायचा परवाना नसतो, आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते.

गरिबाने गाडीची हौस करू नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. स्कूटरवर दाटीने बसलेलं कुटुंब पाहून रतन टाटांना नॅनो सुचली आणि जानेवारी २००८ मध्ये लाखाची गाडी लोकांपुढे आली, तेव्हा त्या कल्पनेत काही चूक नव्हती. पावसात भिजत म्हाताऱ्या आईला दुचाकीवर नेणं कुणाला आवडेल? नॅनो २०१८ मध्ये थांबली त्याला इतर कारणंही होती. पण लाख रुपये हा घेण्याचा भाव होता, ठेवण्याचा नव्हे, हे त्या गाजावाजात फारसं कुणी बोललं नाही.

तुमची खरी गरज आईच्या फेऱ्यांची आहे. तिरुवैयारु ते तंजावर बारा-तेरा किलोमीटर. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या टाउन बसमध्ये बायकांना तिकीट नाही, तेव्हा प्रकृती बरी असेल त्या दिवशी आईचा प्रवास फुकट आहे. बसचे हेलकावे सोसणार नाहीत त्या दिवशी ऑटो किंवा टॅक्सी करा, रिपोर्ट घेऊन येईपर्यंत थांबवून ठेवा. एका फेरीला ६०० रुपये धरले आणि महिन्यात तीनदा गाडी केली तरी १,८०० होतात. दारात उभ्या गाडीचा महिन्याचा खर्च याहून थोडा जास्तच निघाला होता. रात्री-अपरात्री १०८ आहेच. तरी ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. किरकोळ कामांना टीव्हीएस एक्सएल पुरते, तुमच्या भागात ती भाताची पोतीसुद्धा वाहते. तिचा थर्ड पार्टी विमा, जीएसटी सोडून, ७१४ रुपये.

गाडी घ्यावीच असा एक प्रसंग मला दिसतो : आईला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससारख्या उपचारांना न्यावं लागलं तर. मग किलोमीटर वाढतील आणि वरचं गणित तुमच्या बाजूने झुकेल. पण तेव्हाही तमिळनाडूतच नोंदलेली, मेकॅनिकला दाखवून पारखलेली गाडी पाहा.

मावसभावाला ‘नको’ म्हणताना अवघडायला होत असेल, तर त्याला सांगा की गाडी पुण्यातच विक आणि आरसीवरचं नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नकोस. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या दिवशी नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो.