व्हेनिसला निघालेल्या भाचीस



तू पाठवलेलं कात्रण पाहिलं. ‘व्हेनिसमध्ये पाय ठेवायचेही पैसे!’ असा मथळा, त्याखाली माणसांनी गच्च भरलेल्या पुलाचा फोटो, आणि त्याखाली तुझा प्रश्न : ‘मामा, कॅन्सल करू का?’ वर्तमानपत्राच्या पुरवणीत असेच मथळे लावत ज्याचे केस पिकले त्याला तू हे विचारते आहेस, तेव्हा आधी मथळ्याचंच सांगतो. मथळ्याला तीन कॉलमांत बसायचं असतं. ‘ठरावीक दिवशी, ठरावीक वेळात, रात्री मुक्काम न करणाऱ्या आणि चौदा वर्षांवरच्या पर्यटकांना’ एवढं त्यात मावत नाही. ते खाली सातव्या-आठव्या ओळीत येतं, आणि तिथवर फारसं कुणी पोचत नाही हे मथळा लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तू पोच. व्हेनिसच्या पालिकेने हे शुल्क 25 एप्रिल 2024 रोजी सुरू केलं. पहिल्या वर्षी ते प्रयोग म्हणून फक्त 29 दिवस होतं, माणशी पाच युरो. पुढच्या वर्षी दिवस वाढवून 54 केले आणि आयत्या वेळी नाव नोंदवणाऱ्याला दहा युरो लावले. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. चारनंतर आलात तर कुणी विचारत नाही. सकाळी यायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी निघून जायचं, अशा लोकांसाठी ते आहे. पालिकेच्या हद्दीत जो रात्री राहतो त्याला ते माफ, कारण तो हॉटेलात वेगळा कर भरतोच.

आता तुझ्या कामाचं. तुमचं हॉटेल मेस्त्रेला आहे असं ताई म्हणाली. मेस्त्रे म्हणजे खाडीच्या अलीकडचं, जमिनीवरचं शहर. आपल्याकडच्या पुष्कळ सहली तिथेच उतरतात, कारण खोल्या स्वस्त आणि बस दारापर्यंत येते. पण मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत मोडतं. म्हणजे शुल्क तुम्हाला नाही. मात्र माफी आपोआप मिळत नसते. त्या दिवसांत पालिकेच्या संकेतस्थळावर आधी नोंद करून मोबाइलवर कोड घ्यावा लागतो, तो नसला आणि तपासनिसाने हटकलं तर दंड पन्नास युरोंपासून पुढे. हॉटेल पाडोव्याला असतं, तर मात्र पैसे भरावे लागले असते. तेव्हा जायच्या आधी त्या वर्षीचे दिवस पालिकेच्याच संकेतस्थळावर बघ. मी लिहिलेलं 2025 च्या हंगामापर्यंतचं आहे, माझ्यावरही विसंबू नकोस.

तर कॅन्सल करू नकोस. पण हे शुल्क का आलं, ते समजल्याशिवायही जाऊ नकोस. दिवाळी अंकासाठी लेख लिहिणार म्हणतेस ना? मग तुझा खरा विषय तिथे आहे.

रिआल्टो पुलाजवळ सान बार्तोलोमेओचा चौक आहे. तिथल्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत 2008 पासून आकड्यांची एक विजेची पाटी लावलेली आहे. त्या बेटांच्या शहरात आज किती माणसं राहतात, एवढंच ती सांगते. 1951 साली तिथे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 साली हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. 2023 साली एका पुस्तकांच्या दुकानाने दुसरी पाटी लावली, ती पर्यटकांच्या खाटांची. त्या वर्षी खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. मी औषधांच्या दुकानासमोर उभा होतो तेव्हा आमच्या गटातल्या एकांनी विचारलं, ‘हा सोन्याचा भाव आहे का?’ त्यांना दोष देणार नाही. आमच्या वाटाड्याने ती पाटी दाखवलीच नव्हती, त्याला पंचेचाळीस मिनिटांत काचेच्या कारखान्यात पोचायचं होतं.

माणसं गेली कशी? कुणी हाकललं नाही. घरमालकाला वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा तीन रात्रींचा पाहुणा जास्त पैसे देतो. खाली भाजीवाला होता तिथे मुखवट्यांचं दुकान येतं. भाजीवाला गेला की म्हाताऱ्यांना जड पिशव्या घेऊन पूल चढावे-उतरावे लागतात, मग त्यांची मुलं त्यांना मेस्त्रेला नेतात. गिरगावात वाढलेल्या तुझ्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. पाच युरोंनी हे थांबेल असं मला वाटत नाही. तिथल्याही बऱ्याच लोकांना वाटत नाही. आपल्या शहराला तिकीट लावून त्याची जत्रा केली, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी निदर्शनं केली होती. शुल्क चांगलं की वाईट ते तू ठरव, पण ठरवताना ‘मला भुर्दंड पडला’ याच्या पलीकडून ठरव.

दुसरी गोष्ट. बातमी जागेला एका क्षणात पकडते आणि तिथेच सोडून देते. 12 नोव्हेंबर 2019 च्या रात्री व्हेनिसला भरतीचं पाणी 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं, 1966 च्या महापुरानंतरचं सगळ्यात जास्त. सान मार्कोचा चौक पाण्याखाली, चर्चमध्ये पाणी. बातमी खरी होती आणि नुकसान भयंकर होतं. पण ते भरतीचं पाणी, काही तासांनी ओसरणारं, आणि मोसम शरद-हिवाळ्याचा. पुढच्या मे महिन्यात तिथे गळ्याइतकं पाणी असेल, असं समजून विचारणारे वाचक मला तेव्हा फोन करत होते. मग 2023 च्या फेब्रुवारीत उलटे फोटो आले : कालवे कोरडे, गोंडोला चिखलात रुतलेल्या. ओहोटी नेहमीपेक्षा खोल गेली होती आणि पाऊस नव्हता. एकच गाव चार वर्षांत बुडालंही आणि आटलंही. मधल्या दिवसांचे फोटो कोण छापतो? मधल्या काळात, ऑक्टोबर 2020 मध्ये, खाडीच्या तीन तोंडांशी बसवलेले पिवळे दरवाजे पहिल्यांदा उचलून भरती अडवली गेली. ‘मोझे’ म्हणतात त्या योजनेला. गाव कोरडं राहिलं, त्यामुळे आपल्याकडे त्याची चार ओळींची बातमी झाली.

अंतराचंही असंच. 2010 च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला आणि जवळजवळ आठवडाभर युरोपातली विमानं जमिनीवर बसली. लंडन बंद, पॅरिस बंद, आणि खुद्द आइसलँडचा मोठा विमानतळ त्या आठवड्यात बहुतेक काळ चालू, कारण वाऱ्याने राख आग्नेयेकडे नेली होती. बातमीतल्या गावाचं नाव वाचून नकाशा उघडायचा आणि वारा कुठे जातो ते बघायचं, ही सवय मला त्या आठवड्यात लागली. वादळ, दंगा, संप, साथ, काहीही असो, आधी नकाशा. आपल्या वाहिन्यांवर एक चौक पेटला की देश पेटतो. जिथे जायचं त्या गावचं स्थानिक वर्तमानपत्र मोबाइलवर भाषांतर करून वाचत जा. व्हेनिसचं ‘इल गाझेत्तीनो’ आहे. त्यात वॉटरबसच्या संपाची बातमी पहिल्या पानावर मिळेल, आणि तुझ्या दृष्टीने तीच महत्त्वाची.

आता अनुभवाकडे येतो, कारण बातमीपेक्षा तुझ्या अनुभवाची मला जास्त काळजी आहे. मागच्या वर्षीचा तुझा व्हिएतनामचा लेख मी दोनदा वाचला. छान होता, पण त्यात ‘तिथले लोक’ हे दोन शब्द फार वेळा आले. तिथले लोक म्हणजे कोण? तुझा टॅक्सीवाला, रिसेप्शनवरची मुलगी आणि बाजारातली फळवाली. एवढ्यांवरून दहा कोटींचा स्वभाव सांगू नये. ‘फळवालीने मला असं असं केलं’ एवढंच लिही, वाचक बाकीचं त्याच्या हिमतीवर समजून घेईल.

इटलीत हा मोह जास्त होईल, कारण तिथे आपल्याला ‘लुटल्या’सारखं वाटायच्या जागा पुष्कळ. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर एक भाव, खुर्चीवर बसून प्यायली तर दुसरा, आणि सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद वाजत असताना बसलात तर संगीताचे पैसे वेगळे. भोजनाच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो असतात, ते ताट-पाव-मांडणीचे. हे सगळं दरपत्रकावर लिहिलेलं असतं. गोंडोलाचा दर पालिका ठरवते : दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो, पण नावेला, माणशी नव्हे. पाच जणी मिळून बसलात तर अठरा-अठरा युरो. हे ठाऊक नसलेला माणूस परत येऊन ‘इटालियन लबाड’ असा लेख लिहितो आणि तो छापूनही येतो. मी स्वतः असे लेख नाकारलेत, आणि लेखक रागावलेही आहेत. फसवणूक कधीच होत नाही असं म्हणत नाही. पण आधी दरपत्रक वाचलंस का, हा प्रश्न संपादक विचारणारच.

लिहायचं त्याच दिवशी. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ तुझ्याकडे आहे, मीच दिलं होतं, उघडलंस का ठाऊक नाही. वरसईचा हा गरीब भिक्षुक एका बातमीवर घराबाहेर पडला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, ही ती बातमी. कर्ज फेडायला निघाला आणि थेट 1857 च्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने गावात राहून सोसला, लुटला गेला, आणि गंगेची कावड घेऊन घरी परतला. पुस्तक मात्र त्याने कित्येक वर्षांनी, आठवणीवर लिहिलं. ते छापून आलं 1907 साली, चिंतामणराव वैद्यांमुळे. मराठीत त्याच्या तोडीचं प्रवासवर्णन मला दुसरं माहीत नाही. तरीही त्यातलं पाहिलेलं कोणतं आणि वाटेत ऐकलेलं कोणतं, हे अभ्यासकांना चाळत बसावं लागतं. भटजींकडे वही नव्हती, आणि असती तरी त्या दिवसांत जवळ बाळगणं धोक्याचं. तुला ती अडचण नाही. रात्री झोपण्यापूर्वी वर तारीख आणि ठिकाण टाक, आम्ही बातमीच्या तोंडाशी टाकतो तसं. खाली दोन रकाने कर, एकात स्वतः पाहिलेलं, दुसऱ्यात वाटाड्याने सांगितलेलं. वाटाड्याचं सगळं खोटं नसतं, पण त्याने सांगितलेलं तुझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं छापू नकोस.

तारखेचा आग्रह आणखी एका कारणासाठी. जपानात फुजी डोंगराच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको नावाचं गाव आहे. तिथल्या एका ‘लॉसन’ दुकानाच्या मागे फुजी असा काही उभा राहतो की फोटोसाठी झुंबड उडू लागली. लोक रस्त्यात उभे राहत, कचरा टाकत, शेजारच्या दातांच्या दवाखान्यासमोर गाड्या लावत. वैतागून गावाने मे 2024 मध्ये तिथे अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली. जगभर बातमी झाली. लोकांनी जाळीला कॅमेऱ्यापुरती भोकं पाडली. ऑगस्टमध्ये वादळाच्या धास्तीने ती उतरवली आणि मग पुन्हा लावली नाही. आता समज, त्या तीन महिन्यांत जाऊन आलेल्या कुणी ‘फुजी आता दिसत नाही’ असं लिहिलं आणि तारीख टाकली नाही. त्याचा अनुभव शंभर टक्के खरा, आणि वाचकाला शंभर टक्के चुकीचा.

गटाने जाताय म्हणून एक कानपिचकी आधीच. व्हेनिसने 2024 च्या उन्हाळ्यापासून पंचवीसहून मोठ्या पर्यटक-गटांना आणि ध्वनिवर्धकांना बंदी केली आहे. आपल्या चाळीस जणांच्या बसला दोन तुकड्या कराव्या लागतात. तुमच्यात कुणी कुरकुर केली तर त्याला अरुंद गल्लीत, दोन्ही बाजूंनी गट आले असताना, बाजाराची ढकलगाडी घेऊन घरी जाणारी बाई दाखव. पुलाच्या पायऱ्यांवर बसून थेपले खायचे नाहीत, तिथे दंड होतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, चौकाचौकात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. आणि एक सकाळ गट सोडून, साडेसातच्या आत, कॅस्तेल्लोच्या बाजूला चालत जा. तिथे अजून वाळत घातलेले कपडे आणि शाळेत जाणारी मुलं दिसतील. दारांचे फोटो काढ, माणसांचे विचारून काढ.

व्हिसाचं राहिलं. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, फी जून 2024 पासून नव्वद युरो आहे, आणि विमा तीस हजार युरोंचा लागतो. मेच्या सुट्टीसाठी मार्चमध्ये भेटीची वेळ शोधू नकोस, मिळत नाही. ताई काळजी करत असते, तिला पासपोर्टची आणि विम्याची झेरॉक्स देऊन ठेव.

लेख दोन हजार शब्दांच्या आत बसव. अंकाची पानं ऑगस्टअखेर लागतात, त्यामुळे पंधरा ऑगस्टपर्यंत कच्चा खर्डा मला पाठव. फोटोंच्या ओळी वेगळ्या कागदावर लिही, जागा आणि तारखेसह. मथळा रिकामा सोड, तो मी लावीन.

तुझा,
मामा