ऐकू न येणाऱ्या मुलाचा ईसीजी काढलात का?

जन्मापासून ऐकू न येणारं मूल खेळता खेळता बेशुद्ध पडलं, की घरात पहिला शब्द निघतो तो फिटचा. मग ईईजी होतो, गोळ्या सुरू होतात. हृदयाकडे लक्ष जात नाही. कानाचा आणि हृदयाचा काय संबंध?

संबंध आहे. केसीएनई-१ हे एकविसाव्या गुणसूत्रावरचं छोटंसं जनुक. त्यापासून बनणारं प्रथिन केसीएनक्यू-१ या दुसऱ्या जनुकाच्या प्रथिनाशी जुळतं, आणि पेशीच्या आवरणात पोटॅशियम बाहेर सोडणारी वाट नीट चालते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला ती लागते; धावताना तर जास्तच. आतल्या कानातल्या द्रवात पोटॅशियम सोडण्याचं कामही हीच जोडी करते. ते थांबलं, की ऐकू येत नाही.

१९५७ साली नॉर्वेतल्या येर्वेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकिकत लिहिली. सहा भावंडांपैकी चौघांना ऐकू येत नव्हतं आणि त्यांना बेशुद्धीचे झटके येत. त्यातली तिघं लहान वयातच अचानक गेली. ईसीजीत ‘क्यूटी’ हा भाग लांबलेला होता. या दोनपैकी एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आला, तर हा आजार होतो. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते, आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. दोष एकाच पालकाकडून आला तर मूल नीट ऐकतं, पण क्यूटी तरीही लांबलेला असू शकतो. म्हणून भावंडांचा आणि आई-वडिलांचाही ईसीजी काढा.

कॉक्लिअर इम्प्लांटसाठी भूल देण्याआधी ईसीजी हवाच. मशीनने छापलेल्या ‘नॉर्मल’वर विसंबू नका, क्यूटी डॉक्टरांनी स्वतः मोजला का, हे विचारायला संकोच कसला? पळताना, पोहताना, रडताना किंवा दचकल्यावर शुद्ध हरपली असेल तर ते आवर्जून सांगा. ठोके बिघडून मेंदूला रक्त कमी पडलं तरी हातपाय झटकतात, गफलत तिथेच होते.

निदान झालं तर प्रोप्रॅनोलॉल किंवा नॅडोलॉल रोज. बरं वाटतंय म्हणून बंद करणं जिवावर बेतू शकतं. काहींना छातीत बसवायचं शॉक देणारं यंत्रही लागतं. पोहायला एकट्याने सोडू नका. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घटतं, तेव्हा वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. केमिस्टकडून परस्पर औषध घेऊ नका: उलटीवरचं ओन्डान्सेट्रॉन, डोमपेरिडोन, घशासाठीचं एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन क्यूटी आणखी लांबवतात.

आणि मूल कोसळलं, हाकेला ओ देत नाही, श्वासही नीट चालत नाही, असं दिसलं तर कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. एकाने १०८ला फोन लावायचा, दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची.